मंगोलिया सर्वबाद १०: ही नोंद वहीत घ्यायची की नाही?

कव्हरपॉइंट

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि त्याला क्रिकेटच्या विक्रमांची वही ठेवायचा नाद आहे. नोंद पडताळल्याशिवाय तो लिहीत नाही आणि लिहिलेली खोडत नाही. परवा टी२० गोलंदाजीच्या पानावर तो अडला. पूर्ण चार षटकं, चारही निर्धाव, एवढ्यावर त्याला एक पान करायचं होतं. न्यूझीलंडचा लॉकी फर्ग्युसन, जून २०२४, विश्वचषकात पापुआ न्यू गिनीविरुद्ध ४-४-०-३ (षटकं-निर्धाव-धावा-बळी), हे आधीच लिहून झालं होतं. त्याच्या आधी कॅनडाचा साद बिन झफर, २०२१, विरुद्ध पनामा. आणि नंतर हाँगकाँगचा आयुष शुक्ला, ३१ ऑगस्ट २०२४, विरुद्ध मंगोलिया, ४-४-०-१.

मी म्हटलं, पनामा आणि मंगोलियावाली दोन नको लिहूस. मंगोलिया त्या दिवशी १७ वर सर्वबाद झाली होती. विश्वचषकाच्या त्याच आशियाई पात्रता स्पर्धेत ५ सप्टेंबरला सिंगापूरविरुद्ध तर १० वर. सिंगापूरने ते लक्ष्य पाच चेंडूंत गाठलं. हे फर्ग्युसनच्या शेजारी कसं बसवायचं?

त्याने वही मिटली आणि एवढंच विचारलं, "मग मॅच झाली नव्हती का?"

मला उत्तर देता आलं नाही. खालच्या स्तरावरच्या या पात्रता फेऱ्या नियमित बघणारे इथे बरेच जण आहेत. मी चुकलो का?

लेगबाय

नाही चुकलात. विक्रम म्हणजे तुलना, आणि तुलनेला दोन्ही बाजूंना थोडंतरी सारखेपण लागतं.

१९ सप्टेंबर २००७ ला डर्बनमध्ये युवराजने इंग्लंडविरुद्ध १२ चेंडूंत अर्धशतक केलं. समोर ब्रॉड होता, विश्वचषक होता. तो विक्रम सोळा वर्षं टिकला. २७ सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत नेपाळच्या दीपेंद्र सिंग ऐरीने ९ चेंडूंत अर्धशतक करून तो मोडला. नेपाळ ३ बाद ३१४, मंगोलिया सर्वबाद ४१. मंगोलियाचा तो आयुष्यातला पहिला आंतरराष्ट्रीय टी२० सामना होता. ऐरी उत्तम फलंदाज आहे, त्याच्याबद्दल तक्रारच नाही. पण पहिल्यांदा मैदानात उतरलेल्या गोलंदाजांना मारलेले नऊ चेंडू आणि डर्बनचे बारा चेंडू एका यादीत वर-खाली आले की यादीचाच अर्थ पातळ होतो.

१ जानेवारी २०१९ पासून आयसीसीने सगळ्या सदस्य देशांच्या पुरुष संघांच्या आपसातल्या सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा दिला. हेतू चांगला होता, पण विक्रमांच्या पुस्तकाचं काय होईल याचा विचार कमी पडला.

तिसरी स्लिप

फर्ग्युसनच्या समोर पापुआ न्यू गिनी होती. ती विश्वचषकाला आली कशी? पात्रता फेरीतूनच, जुलै २०२३, पोर्ट मोर्स्बी. मग रेघ नेमकी कुठे मारायची?

जुनी वही

लेगबाय, तुमचा मुद्दा कसोटीला लावून बघा.

मार्च १८८९, केप टाउन. इंग्लंडच्या जॉनी ब्रिग्जने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एका सामन्यात २८ धावांत १५ बळी घेतले. त्यातले १४ त्रिफळाचीत. दक्षिण आफ्रिका ४७ आणि ४३. त्या दौऱ्यातल्या सामन्यांना कसोटी म्हणायचं हे नंतर ठरलं, खेळणाऱ्यांना तेव्हा माहीतही नव्हतं. तरी ते आकडे आज प्रत्येक पुस्तकात मानाने छापले जातात. कोणी म्हणत नाही की समोरचा संघ नवखा होता, तर वेगळं पान करा.

आणि न्यूझीलंड. पहिली कसोटी जानेवारी १९३० मध्ये, पहिला विजय मार्च १९५६ मध्ये. सव्वीस वर्षं एकही विजय नाही. त्या विजयाच्या आदल्याच वर्षी, १९५५ ला, ऑकलंडमध्ये ते २६ वर सर्वबाद झाले होते. कसोटीतला तो नीचांक आजही त्यांच्याच नावावर आहे. १९५५ ला कोणी म्हटलं असतं की यांचे सामने मोजू नका, तर?

फुलटॉस

+१ जुनी वही.

एक दुरुस्ती: पुरुषांच्या टी२०चा नीचांक आता १० नाही. २४ नोव्हेंबर २०२४ ला लागोसमध्ये आफ्रिका उपविभागीय पात्रता फेरीत आयव्हरी कोस्ट नायजेरियाविरुद्ध ७ वर सर्वबाद झाली. नायजेरिया ४ बाद २७१. आणि १० वरही मंगोलिया एकटी नाही, फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पेनविरुद्ध आइल ऑफ मॅन १० वरच आटोपली होती. चिरंजीवांना सांगा.

स्कोअरर

मी स्वतः अशा एका विभागीय पात्रता स्पर्धेत गुणलेखक म्हणून बसलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती स्पर्धा काय होती ते बघू. मलेशियात बांगी इथे सात संघ होते: हाँगकाँग, कुवेत, मलेशिया, सिंगापूर, मालदीव, म्यानमार, मंगोलिया. प्रत्येकाचे सहा सामने. सातातले फक्त दोन पुढच्या फेरीत जाणार. म्हणजे २०२६ च्या विश्वचषकाच्या वाटेवरची आशियातली ही पहिली पायरी. पुढे गेले मलेशिया आणि कुवेत. हाँगकाँगसारखा मुरलेला संघ तिथेच थांबला! शुक्लाची ती चार षटकं वाचताना हे लक्षात ठेवा. हाँगकाँगला त्या स्पर्धेत एकही धाव उधळायची मुभा नव्हती.

मुभा का नव्हती? नेट रनरेटमुळे, म्हणजे केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या गतीतल्या फरकामुळे. टीव्हीवर बघणाऱ्याला हे कोष्टक शेवटच्या दिवशी आठवतं, या स्पर्धांत ते पहिल्या चेंडूपासून डोक्यावर असतं. सर्वबाद झालेल्या संघाच्या नावावर खेळलेली षटकं धरत नाहीत, पूर्ण वीस धरतात. समजा एक संघ १२ षटकांत ६० वर संपला. त्याची गती ६० भागिले २०, म्हणजे ३. समोरच्याने ८ षटकांत ६१ केल्या, तर ६१ भागिले ८, म्हणजे ७.६२५. एका सामन्यात ४.६२५ चा फरक. तोच पाठलाग १५ षटकांत केला असता, तर फरक जेमतेम १.०७ राहिला असता. दुबळ्या संघाविरुद्ध रेंगाळलात, तर बलवान संघाविरुद्ध जिंकूनही घरी जाता. म्हणून कोणी हात आखडत नाही. ही निर्दयता वाटते, पण समोरच्याला पूर्ण ताकदीने खेळणं हाच त्याचा मान आहे असं मी मानतो.

आता नवख्या संघाबद्दल. मी जिथे होतो तिथे एक संघ रोज हरत होता. त्यांच्यातले बहुतेक जण नोकरीतून रजा टाकून आलेले. एका सामन्यात त्यांचा अकरावा फलंदाज पाच चेंडू खेळून काढून नाबाद परतला, धाव एकही नाही. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि पुस्तकात स्वतःची ओळ बघायला मागितली. पाच टिंबं. त्याने त्या पानाचा फोटो काढला. मुलाने विचारलेला "मॅच झाली नव्हती का" हा प्रश्न वाचला आणि मला तोच माणूस आठवला.

लेगबाय

स्कोअरर, तुमचा अनुभव वाचून थांबलो खरा. तरी एक विचारतो. पूर्वी वर्ल्ड क्रिकेट लीग होती, विभागांची उतरंड. अफगाणिस्तान २००८ ला जर्सी बेटावर पाचव्या विभागात खेळलं, अंतिम सामन्यात जर्सीला दोन गडी राखून हरवलं, त्याच वर्षी टांझानियात चौथा विभाग, २००९ ला ब्युनोस आयर्समध्ये तिसरा, आणि २०२४ ला विश्वचषकाची उपांत्य फेरी. पायरी-पायरीने. त्या पद्धतीत मंगोलियासारखा संघ आधी आपल्या तोलाच्या संघांशी खेळला असता. आताच्या विभागीय पद्धतीत त्याला पहिल्याच आठवड्यात हाँगकाँग भेटतं. हे त्या मुलांच्या भल्याचं आहे का? माझी हरकत मुळात विक्रमापेक्षा याला जास्त आहे, हे आता लिहिताना कळतंय.

स्कोअरर

हा मुद्दा शंभर टक्के मान्य. तोलाचे सामने हवेतच, आणि ते पात्रता फेरीच्या आधी हवेत. पण पात्रता फेरीचं दार सगळ्यांना उघडंच राहू दे.

पावसाची सर

सगळी चर्चा पुरुषांचीच चाललीय! खालच्या स्तराचं खरं सोनं महिलांच्या पात्रता फेऱ्यांत आहे.

वानुआतू, पॅसिफिकमधला बेटांचा देश. एप्रिल २०२४, अबू धाबी, महिला टी२० विश्वचषकाची जागतिक पात्रता फेरी. तिथवर पोचायला लागणारे पैसे या संघाने लोकांकडून वर्गणी गोळा करून उभे केले. आणि पहिल्याच सामन्यात त्यांनी झिम्बाब्वेला हरवलं. एका पूर्ण सदस्य, म्हणजे कसोटी खेळणाऱ्या देशाला! मी तो सामना कामाच्या जागी फोनवर चोरून बघत होते आणि शेवटी उठून उभी राहिले.

२०२१ मध्ये स्पेनमधल्या कार्टाहेना इथे युरोप पात्रता फेरीत नेदरलँड्सच्या फ्रेडरिक ओव्हरडाइकने फ्रान्सविरुद्ध ३ धावांत ७ बळी घेतले. २०२४ मध्ये इंडोनेशियाच्या रोहमालियाने बालीत मंगोलियाविरुद्ध एकही धाव न देता ७. वहीत या दोघींना जागा आहे का, हे आधी विचारा मुलाला.

फुलटॉस

महिलांचा विषय निघालाच आहे तर माझा सर्वात आवडता सामना. १० मे २०२५, बँकॉक, महिला आशिया पात्रता फेरी, यूएई विरुद्ध कतार. यूएई १६ षटकांत बिनबाद १९२. ईशा ओझा ११३, तीर्था सतीश ७४. पाऊस दारात उभा. सामना पूर्ण झाला नाही तर गुण वाटले जाणार. टी२० मध्ये डाव घोषित करता येत नाही. मग त्यांनी काय केलं? दोघी सलामीवीर निवृत्त बाद (स्वतःहून डाव सोडून बाद) झाल्या, आणि उरलेल्या नऊपैकी आठ जणी एकेक करून मैदानात येऊन निवृत्त बाद होऊन परतल्या. डाव संपला! पुढे कतार २९ वर सर्वबाद, विजय १६३ धावांनी.

मोठ्या संघांच्या मालिकेत कोणाच्या डोक्यात आलं असतं हे? गरजेपोटी नियमपुस्तक इतकं बारीक वाचणारे लोक पात्रता फेरीतच भेटतात.

नॉनस्ट्रायकर

मला वेगळीच गोष्ट खटकते. अर्धे संघ परदेशी वंशाच्या किंवा परदेशातून आलेल्या खेळाडूंचे. २०२५ च्या पात्रता फेरीतला इटलीचा कर्णधार जो बर्न्स ऑस्ट्रेलियाकडून २३ कसोटी खेळलेला. सामोआकडून रॉस टेलर. मग त्या देशात क्रिकेट रुजलं असं म्हणायचं का?

पावसाची सर

नॉनस्ट्रायकर, नियम स्पष्ट आहे: त्या देशात जन्म, किंवा त्या देशाचं नागरिकत्व, किंवा सलग तीन वर्षं वास्तव्य. टेलर न्यूझीलंडकडून २०२२ मध्ये शेवटचं खेळला, तीन वर्षं थांबला, आणि ४१ व्या वर्षी आईच्या देशाकडून उतरला. बर्न्सच्या कुटुंबाची मुळं इटलीतली आहेत, आणि तो दिवंगत भावाच्या आठवणीसाठी ८५ क्रमांकाची जर्सी घालून खेळला. ही माणसं सुट्टी घालवायला आलेली नव्हती.

आणि चीन, मंगोलिया, इंडोनेशिया, वानुआतू यांचे संघ मुख्यतः तिथल्याच मुलामुलींचे आहेत. दोन्ही प्रकार एकाच स्पर्धेत दिसतात, म्हणून तर मजा येते.

नॉनस्ट्रायकर

टेलरची आई सामोअन हे माझ्या ध्यानात नव्हतं. त्याच्याबद्दलचा शब्द मागे. इटलीबद्दल मात्र मन पूर्ण वळलेलं नाही.

मस्कतकर

टेलरचा विषय निघाला म्हणून लिहितो. ती स्पर्धा मी मैदानात जाऊन बघितली.

ऑक्टोबर २०२५, ओमानमधलं अल अमेरात. आशिया आणि पूर्व आशिया-पॅसिफिकची अंतिम पात्रता फेरी, नऊ संघ, विश्वचषकाच्या तीन जागा. चहूबाजूंनी उघडे तपकिरी डोंगर आणि मधोमध हिरवं मैदान. पहिल्यांदा बघणारा दोन मिनिटं खेळ विसरतो. नेपाळचा सामना असला की मात्र डोंगर दिसायचे बंद होतात. इथे कामाला असलेले नेपाळी लोक पाळी बदलून, मित्रांच्या गाड्यांत दाटीवाटीने बसून येतात. नेपाळने यूएईला एका धावेने हरवलं त्या सामन्याला माझ्या शेजारी एक मध्यमवयीन माणूस होता. शेवटच्या षटकात त्याने मैदानाकडे पाठ फिरवली आणि फक्त आवाजावरून काय झालं ते ओळखत राहिला. जिंकल्यावरही वळला नाही, आधी डोळे पुसले.

याच नेपाळने २०१८ मध्ये नामिबियात विंडहूकला वर्ल्ड क्रिकेट लीगच्या दुसऱ्या विभागात कॅनडाविरुद्ध १९५ चा पाठलाग केला होता. ९ बाद १४४. तिथून करण केसीने शेवटच्या जोडीला लामिछानेला घेऊन ५१ जोडल्या, शेवटच्या चेंडूवर. महिन्याभरात त्यांना एकदिवसीय दर्जा मिळाला. तिथे एक झेल उडाला असता तर अल अमेरातची गर्दी कदाचित जमलीच नसती.

नेपाळ, ओमान, यूएई गेले. पापुआ न्यू गिनी, दोन विश्वचषक खेळलेला संघ, पहिल्या गटातच बाहेर, आणि सामोआ सुपर सिक्स या पुढच्या फेरीत.

तिसरी स्लिप

मस्कतकर, शेजारच्या माणसाचं वाचून अंगावर काटा आला.

माझ्याकडून जर्सी. जुलै २०२५, नेदरलँड्समध्ये युरोपची अंतिम फेरी, शेवटचा दिवस. जर्सीने स्कॉटलंडला शेवटच्या चेंडूवर एक गडी राखून हरवलं. लाखभर वस्तीचं बेट विश्वचषकाच्या दारात. मग बसून दुसऱ्या सामन्याची वाट बघायची. इटली नेदरलँड्सकडून नऊ गडी राखून हरली, पण इतक्या लवकर हरली नाही की रनरेट घसरावा. इटली आणि जर्सी, दोघांचे पाच गुण. इटली गेली, जर्सी राहिली. इटली त्याआधी स्कॉटलंडला १२ धावांनी हरवून आली होती, तेव्हा त्यांचा हक्क होताच. पण जर्सीच्या खेळाडूंनी ते दोन-तीन तास कसे काढले असतील, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

जुनी वही

आणि युगांडाचा फ्रँक न्सुबुगा. १९९७ ला पूर्व आणि मध्य आफ्रिकेच्या संयुक्त संघाकडून आयसीसी ट्रॉफी, म्हणजे तेव्हाची विश्वचषक पात्रता स्पर्धा, खेळला. नोव्हेंबर २०२३ ला विंडहूकमध्ये युगांडाने झिम्बाब्वेला हरवून विश्वचषक गाठला आणि झिम्बाब्वे बाहेर राहिली. जून २०२४ ला ४३ वर्षांच्या न्सुबुगाने पापुआ न्यू गिनीविरुद्ध टाकली ४-२-४-२. सत्तावीस वर्षं पात्रता फेऱ्यांच्या मैदानांवर घालवून. युगांडा त्याच विश्वचषकात वेस्ट इंडीजविरुद्ध ३९ वर सर्वबादही झाली. दोन्ही नोंदी खऱ्या.

लेगबाय

माझं अंतिम मत. नोंद घ्यावी, पण समोर कोण होतं हे त्याच ओळीत दिसावं. नुसता आकडा दिशाभूल करतो. मलेशियाच्या स्याझरुल इद्रुसचे ८ धावांत ७ बळी, सातही त्रिफळाचीत, २०२३ ची आशिया पात्रता फेरी. हे वाचताना "चीन सर्वबाद २३" हेही वाचायला हवं. सात वेळा यष्टी उडवायला चेंडू सरळच टाकावा लागतो, तेवढं श्रेय त्याचं आहेच.

कव्हरपॉइंट

सगळ्यांचे आभार. रात्री हा धागा मुलाला वाचून दाखवला. अकराव्या फलंदाजाच्या पाच टिंबांपाशी त्याने मला थांबवलं आणि तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावला.

त्याला मी म्हटलं, माझं चुकलं, मॅच झाली होती. त्याने गोलंदाजीचं पान नव्याने आखलं. आता रकाने असे: कोण, कधी, कुठे, कोणती स्पर्धा, विरुद्ध, आणि समोरचा संघ किती वर सर्वबाद. लेगबाय, शेवटचा रकाना तुमचा आहे असं त्याने सांगायला सांगितलंय. साद बिन झफर, फर्ग्युसन, शुक्ला, तारखेच्या क्रमाने तिघंही लिहून झाले. ओव्हरडाइक आणि रोहमालियासाठी वेगळं पान नाही, सात बळींच्या पानावर इद्रुसच्या बरोबरीनेच.

स्कोअरर, त्याचा एक प्रश्न आहे. निर्धाव षटक पुस्तकात कसं दाखवतात?

स्कोअरर

सहा टिंबं दोन उभ्या ओळींत काढायची, तीन इकडे, तीन तिकडे. मग ती अशी जोडायची की इंग्रजी एम तयार होतो. बळी मिळाला असेल तर तीच टिंबं उलटी जोडून डब्ल्यू. शुक्लाच्या चार षटकांत एकच बळी होता, म्हणजे एकच डब्ल्यू, बाकी तीन एम. तो कितव्या षटकात काढायचा हे स्कोअरकार्ड बघून ठरवायला सांगा.

कव्हरपॉइंट

स्कोअरकार्ड शोधत बसलाय. फर्ग्युसनचे एम-डब्ल्यू काढून झाले, एक जरा वाकडा आलाय. खोडायचा नाही म्हणतो.